धुराड्याच्या बुडाची पांढरी माती

पडेगावच्या कडूबाईच्या भाकरीला तोड नाही, आणि तिच्या तोंडालाही नाही! लग्नघरच्या, सप्त्याच्या भाकरी लोक तिलाच सांगतात. गॅसला ती हात लावत नाही. सगळा कारभार मागच्या खोलीतल्या चुलीवर. घर स्लॅबचं, त्यातून धुराडं वर गेलेलं. धुराड्यावर पत्र्याची टोपी होती, तरी पाऊस लागला की बुडातून पाणी झिरपायचं, ते थेट चुलीत.

"माती धड तुडवली नाय यांनी!" खापर ठरलेलं, नवऱ्याच्या, सर्जेरावाच्या डोक्यावर.

माती म्हणजे पांढरी माती. कडूबाईचं माहेर शेंद्र्याकडचं, मातीच्या माळवदाचं. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी टाकून तुडवली की थेंब आत येत नाही, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. म्हणून ती दरसाल माहेरी जाऊन पोतंभर माती आणायची, आणि सर्जेराव दुखरे गुडघे घेऊन ती धुराड्याभोवती तुडवायचा. गळलं की पुढल्या साली अजून माती.

गेल्या श्रावणात मात्र सप्त्याची भाकरी तव्यावर असतानाच चूल विझली. लेक आकाश म्हणाला, "आई, बास झालं आता. मिस्त्री बोलावतो, धुराडं पाडू अन् भोक बुजवू. गॅसवर कर."

गॅसवरची भाकर कडूबाईला कोण सांगायला येणार? चूल गेली की तिला विचारणारंच कोणी नव्हतं.

उघडीप पडली, चांगलं कडक ऊन तापलं. आता आपणच माती नीट बसवू म्हणून ती खुरपं घेऊन जिना चढली. वरची माती खडखडीत वाळलेली. खुरपं घातलं, तर खाली चिखल, आणि चिखलाखाली स्लॅबला भेग! माळवदाला उतार असतो. इथं धुराड्याभोवती मातीचं, झाडाला करतात तसं आळं झालं होतं. तेच पाणी धरून ठेवत होतं आणि खालच्या भेगेतून चुलीत सोडत होतं.

"आवं, वर या जरा!"

सर्जेराव आला. भेग बघून त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"तुमाला ठावं व्हतं?"

"लई सालापासून."

"अन् मुकाट तुडवीत राहिले? माझ्या शिव्या खात?"

"तुझे आई-बाप गेले. तुझा भाऊ काकासाहेब काही सणाला बोलवंना. मातीच्या निमित्तानं तू सालातून एकदा तरी भावाच्या दारात जायचीस. ते कसं बंद करू?"

कडूबाई तिथंच पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं सगळी माती खरवडून काढली. भेग सिमेंटनं भरली, भोवती उतार काढला. पुढच्या पावसात चूल कोरडीठाक राहिली, आणि आकाशनं धुराडं पाडायचं नाव काढलं नाही.

यंदा मृग जवळ आला, तसा सर्जेरावच म्हणाला, "जाऊन ये माहेरी."

"आता काय सांगून जाऊ? माती तर नको."

"भाकरी घिऊन जा की. म्हणावं, तुला जेवू घालाया आले."