मुंगीचा निवाडा

शिरड शहापुरात मंजुळाबाईच्या शब्दापुढं जायची कुणाची छाती नव्हती, सुनेची तर नव्हतीच. बाळंतिणीचं दूध पारखायची तिची रीत ठरलेली. वाटीत थोडं दूध पिळून घ्यायचं नि त्यात मुंगी सोडायची. मुंगी मेली की दूध बाधणारं. आता दुधात पडलेली मुंगी बुडणार नाही तर काय पोहत काठाला लागणार? पण हे तिला विचारायचं कुणी?

सुनेची, सखुबाईची, पहिली पोर चांगली अंगावर पिणारी होती. एकदा जरा जास्त रडली, तर सासूनं वाटी काढली. मुंगी मेली. सखूच्या छातीवर फडकं आवळून बांधलं आणि पोरीला शेळीच्या दुधात पाणी घालून पाजत राहिले. पोर सुकत सुकत गेली. आपल्याच अंगात विष आहे, हे सखूनं मनाशी धरलं ते धरलंच.

मग मुलगा झाला. जन्मल्यापासून हिरवं ओकायचा, पोट फुगलेलं, शी म्हणून नाही. सासूनं पुन्हा वाटी काढली, तशी सखू नवऱ्याच्या पाया पडली.

"दवाखान्यात न्या याला. माझ्यापासून तरी वाचवा."

संतरामनं जन्मात पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही. वसमतहून रेल्वेनं थेट हैदराबाद गाठलं.

तिथले डॉक्टर मराठी होते. म्हणाले, आतडं एका जागी बंद असेल, तेवढं कापून जोडू. पोट उघडलं तर आतडं जागोजागी बंद, पुढं नुसतं सुतळीसारखं बारीक. जोडायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी पोट शिवलं नि लेकरू आईच्या मांडीवर दिलं. माझ्या दुधानंच झालं का, असं तिनं त्यांना विचारलं.

"हे पोटातूनच असं आलं, बाई. तुझं दूध खाली उतरलंच नाही. दुधात काही खोट नाही."

माणूस भला होता, धीर द्यायला बोलला.

"ऐकलं का? तुझा दोष न्हाई," संतराम म्हणाला.

सखू टाक्यांकडं बघत राहिली. "याचं आतडं बंद व्हतं. पोरीचं तर साफ व्हतं, तिचे दुपटे मी धुतले. मंग तिला काहून उपाशी मारलं आपण?"

लेकरू तिथंच गेलं.

घरी आल्यावर सखूनं वाटीत साधं पाणी घेतलं, मुंगी सोडली नि वाटी सासूपुढं ठेवली. मुंगी मेली.

मंजुळाबाईनं वाकून पाहिलं. "पानी बी बाधलं वाटतं," ती म्हणाली, आणि वाटी धुऊन शेजारच्या बाळंतिणीकडं गेली.