पाचवी प्रवासी

फुसीला माणसं मोजायची खोड होती. व्हॅन थांबली की मोजायची, निघताना पुन्हा मोजायची. समुद्र गावात शिरला त्या जानेवारीत तिने सगळी आळी तीन खेपांत उंचावर नेली होती. मग फोन बंद पडले आणि हापाई बेटावरच्या थोरल्या बहिणीची आठ दिवस खबर नव्हती. बहीण सुखरूप असल्याचं कळलं, पण फुसीची धाकधूक काही गेली नाही. घरीही ती मोजायची, तेव्हा पोरं हसायची, "आई, आम्ही कोंबड्या आहोत का गं?"

बोट लागली की ती प्रवाशांना आपल्या व्हॅनमधून राजधानी नुकुअलोफा दाखवायची. त्या गुरुवारी पाच जण होते. दोन जोडपी आणि ब्रिस्बेनची डोरीन, अठ्ठ्याहत्तरची, एकटीच. राजवाडा झाला, थडगी झाली, मग तलामाहू बाजारात अर्धा तास सुटी. बोट चारला सुटणार होती.

पावणेतीनला फुसीने मोजलं. चार.

"येईल हो, बायकांना बाजारात वेळ लागतोच," चौघांतला एक म्हणाला.

तीन वाजले. फुसी बाजारभर फिरली. टोपल्या विकणारी कालो म्हणाली, "पांढऱ्या टोपीवाली ना? कधीच गेली. माझी टोपली दोनदा हातात घेऊन खाली ठेवली, आणि निघाली."

"कुठे?"

"मी काय तिची सासू आहे विचारायला?"

सकाळी व्हॅनमध्ये चढताना म्हातारीने जिभेखाली एक गोळी ठेवली होती, ते तिला आठवलं. ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याला गाठून चौघांना तिने धक्क्यावर पाठवलं. जाताना त्यातली बाई म्हणाली, "काही झालं तर जबाबदार तुम्हीच." ते तिला आधीच माहीत होतं.

चर्चमध्ये नाही. किनाऱ्याच्या भिंतीवर नाही. पाण्यात काही पांढरं तरंगताना दिसलं की ती गाडी थांबवून उतरायची. प्रत्येक वेळी पिशवीच निघायची. साडेतीनला तिने इस्पितळात फोन लावला. तिथल्या बाईने "थांबा हं" म्हटलं आणि ती इतका वेळ गेली की फुसीने रस्त्याच्या कडेला गाडी लावून डोळे मिटून घेतले.

"नाही हो, कोणी आणलेलं नाही."

कोलोमोतुआ वस्तीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी कुंपणांवर काळं-जांभळं कापड लावलेलं होतं. मयताचं घर. आतून गाणं ऐकू येत होतं. म्हातारी कुणाला दिसली का, हे विचारायला फुसी आत शिरली, तर मांडवात, काळ्या कपड्यांतल्या बायकांच्या ओळीत पांढरी टोपी! डोरीनच्या कमरेला कुणीतरी इथल्या रिवाजाप्रमाणे दुखवट्याची चटई गुंडाळली होती आणि मांडीवर नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं ताट होतं.

"डोरीनबाई!" फुसी ओरडली. गाणं अडखळलं. शेजारच्या म्हातारीने डोळे वटारले.

"हळू गं बाई. मेलेल्या माणसाच्या दारात ओरडतात का? तुझी कोण ही?"

"माझी प्रवासी! दहा मिनिटांत बोट सुटतेय हिची!"

"आम्हाला वाटलं, गेलेल्याच्या ऑस्ट्रेलियातल्या नात्यातली आहे. रडत आली, म्हणून बसवली."

गाडीत डोरीन कोपऱ्यात अंग चोरून बसली. "गाणं ऐकलं आणि पाय तिकडेच वळले. माझ्या नवऱ्याला, पीटरला, आम्ही वीस मिनिटांत पोचवलं, फुसी. बाहेर पुढच्या मयताचे लोक थांबले होते."

फुसीला रागवायचं होतं. "गोळी घेतलीत का?" एवढंच तिने विचारलं.

पुढे डुकरिणीने सगळी पिल्लं रस्त्यावर आणली होती. फुसी हॉर्न दाबतच राहिली. धक्क्यावर जिन्याची साखळी लावायला खलाशी वाकला होता. वेळ संपून सात मिनिटं झाली होती. फुसी धावत सुटली, दोन्ही हात वर करून ओरडत. खलाशाने घड्याळाकडे पाहिलं, शिवी हासडली आणि साखळी खाली सोडली. कमरेच्या चटईसकट डोरीन वर चढली. वर पोचल्यावर तिने मागे वळून काहीतरी म्हटलं, पण भोंग्यात ते ऐकू आलं नाही.

फुसी व्हॅनमध्ये येऊन बसली. बऱ्याच वेळाने ती घरी गेली, काळे कपडे घातले, कमरेला चटई बांधली आणि पुन्हा त्या मांडवात गेली. दुपारची तीच म्हातारी दाराशी होती.

"आता कुणाला शोधतेस?"

"कुणाला नाही, आजी. मघाशी ओरडले, त्याची माफी मागायला आले."

"मग बस की. जेवलीस का?"

सकाळपासून आपण काहीच खाल्लेलं नाही, हे फुसीच्या तेव्हा लक्षात आलं.