नयनच्या हाती स्टेअरिंग

मुकुटबनहून विशाखापट्टणमपर्यंत विजयमालाबाईंनी गाडी स्वतः चालवली, तेव्हा त्यांना छप्पन्नावं लागलं होतं. सहा वर्षांपूर्वी ऐन पेरणीत त्यांच्या नवऱ्याचा, रामरावांचा, पाय मोडला. ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर मिळेना. चार दिवस वाट पाहून बाई स्वतःच ट्रॅक्टरवर चढल्या आणि बारा एकर पेरून मोकळ्या झाल्या. पुढे जुनी कार घेतली, तर ती शिकायला त्यांना आठवडाही लागला नाही.

यंदा निघाल्या होत्या जगन्नाथपुरीला. वाटेत धाकट्या बहिणीकडे, नयनकडे, एक मुक्काम. नयन बारा वर्षांपूर्वी जहाजावर नोकरी करणाऱ्या व्यंकटशी लग्न करून विशाखापट्टणमला गेली. तिचं घर ताईनं अजून पाहिलं नव्हतं. समुद्रही नव्हता पाहिला.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हवा चिकट झाली, रस्त्याच्या कडेनं नारळ दिसू लागले.

"आता समुद्र येते काय वं?" रामराव खिडकीतून मान बाहेर काढत म्हणाले.

"तुम्ही बोर्ड वाचा."

"तेलुगूत हायत ना सारे!"

नयन इमारतीच्या फाटकाशीच उभी होती. गाडी नीट थांबूही न देता तिनं दार उघडलं आणि ताईच्या गळ्यात पडली. लहानपणी हिला कडेवर घेऊन विजयमालाबाई शेतात जायच्या, आणि आता तिच्या कानाशी पांढरे केस. दोघी एकदमच बोलत होत्या, कोणीच ऐकत नव्हतं.

वर नयनच्या सासूबाई, सत्यवतम्मा, दारात बसल्या होत्या. गाडी कोणी चालवली, असं त्यांनी तेलुगूत विचारलं. कापूस वेचायला येणाऱ्या आदिलाबादकडच्या बायांकडून विजयमालाबाई जे तेलुगू शिकल्या होत्या, त्यातच त्यांनी उत्तर दिलं, "मीच." सत्यवतम्मा हसून हसून लाल झाल्या. असं शेतातलं तेलुगू त्यांनी माहेर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं.

चहा पिता पिता विजयमालाबाईंनी विचारलं, "खाली कव्हर घातलेली गाडी कोणाची?"

"आमचीच. व्यंकट आले की चालवतात."

"ते तर आठ महिने जहाजावर. मंग आठ महिने गाडी झोपून राह्यते? तू काहून नाही चालवत?"

"मले भेव लागते, ताई. लायसन काढलं, पण हातच नाही लावला."

"उद्या लावजो."

"उद्या तर तुम्ही पुरीले चालले!"

विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रामराव लगेच म्हणाले, "देव कोठी पळून नाही चालला."

सकाळी जवळच्या मोकळ्या मैदानावर नयन स्टेअरिंगशी बसली. गाडी सतरा वेळा बंद पडली. "क्लच हळू सोड! कोंबडीखालचं अंडं काढतो तसा!" विजयमालाबाई ओरडायच्या, आणि नयन रडता रडता हसायची. दुपारपर्यंत ती तिसऱ्या गिअरमध्ये गोल गोल फिरू लागली.

मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी नयन म्हणाली, "ताई, चाल. समुद्र मी दाखवते."

सत्यवतम्मा हट्टानं मागे बसल्या, शेजारी रामराव. नयननं गाडी रस्त्यावर घातली. रिक्षा आडवी आली, बस मागून भोंगा वाजवत राहिली. सत्यवतम्मा दर वळणावर "मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे हळू, हळू, असं बजावत होत्या. एका उतारावर रस्ता वळला आणि समोर निळंच निळं उघडलं.

"अगो माय!" विजयमालाबाई सीटवरून अर्ध्या उठल्या. "नयने, पाह्य वं! केवढा हाय!"

"तू पाह्य! मी रस्ता पाहून राह्यली!"

वाळूवर उतरल्यावर दोघी बहिणी लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून लाटेत शिरल्या. पहिल्याच लाटेनं विजयमालाबाईंना बसवलं. मीठ तोंडात गेलं, आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की फुगे विकणारा थांबून पाहू लागला. सत्यवतम्मा रामरावांचा हात धरून पाण्याला पाय लावून आल्या.

चौथ्या दिवशी पुरीकडे निघताना नयन म्हणाली, "हायवेपर्यंत मी पुढं राहते. रस्ता चुकसाल." आणि खरंच, ताईच्या गाडीपुढे तिची गाडी इंडिकेटर देत, गर्दीतून वाट काढत चालली.