गाऱ्हाण्याची कॅसेट

शांततेसाठी इतका आरडाओरडा करणारा माणूस घाटकोपरात दुसरा झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. हे आमच्या हिचे धाकटे मामा, मूळचे कोकणातले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, मामांनी घरच्यांच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून घ्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मजल्यावर शिंकायचीसुद्धा चोरी झाली. काम सुरू झालं की पंखा बंद, फ्रिज बंद, दाराच्या बेलची वायर काढलेली. शेजारी मिक्सर लागला की मामा दारातून गरजायचे, "ओ वहिनी, तुमची चटणी माझ्या भजनात येता!" त्या वहिनी बिचाऱ्या पुढे पुढे चटणी सकाळीच वाटून ठेवायला लागल्या.

वायर जोडून आवाज थेट उतरवता येतो, हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं. पण "वायरीतसून आवाज बारीक होऊन येता" हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे टेपरेकॉर्डर स्टुलावर, मोबाइल त्याच्यासमोर डब्याला टेकवून उभा, आणि मधल्या हवेतून आवाज जाणार. एकदा कसंबसं मन वळवून मी त्यांना साकीनाक्याच्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने मामांच्या वडिलांच्या भजनाची कॅसेट यंत्रात घातली, बटण दाबलं आणि तो चहा प्यायला निघाला. मामांनी जागच्या जागी कॅसेट बाहेर काढली. "माझ्या बापाशीक एकट्याक टाकून चाय पिऊक जाता!" असं म्हणत ते थेट घाटकोपरच्या रिक्षात जाऊन बसले. फायलींना नावं देण्याची त्यांची पद्धतही निराळीच. कुठल्या भजनाच्या मागे काय ऐकू येतं त्यावरून नाव. 'कुकराची शिटी', 'आत्येचो खोकलो', 'कोंबडो मधीच आरवता'. गंमत म्हणजे त्यांना हवं ते भजन अचूक सापडायचं आणि मी मात्र माझे फोटो अजून शोधतो आहे.

एक कॅसेट मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती. तिच्यात त्यांच्या वडिलांचं गाऱ्हाणं होतं. मामांच्या घरात लग्नकार्य निघालं की देवापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी मधेमधे होकार द्यायचा, ही रीत. दोन्ही मुलांनी शिकावं म्हणून म्हाताऱ्याने ते एकट्याने बसून टेप केलं होतं. थोरले मामा शिकले. धाकटे "दादा आसा मा!" म्हणून मोकळे झाले. गेल्या वर्षी दादा गेले. आता त्या दादांच्याच मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि नारळापुढे उभं राहायची वेळ आमच्या या मामांवर आली होती.

"गावच्या कोणाक बोलवा," मामींनी सुचवलं.

"घरच्या चेडवाचा गाऱ्हाणा भायल्यान घालूचा?" मामा असे काही भडकले की मामी आत निघून गेल्या.

त्यात कॅसेटला बुरशी आलेली. वाजवून पाहायला गेले तर ती किंचाळली, आणि पट्टीचा वेढा बाहेर आला. मामांनी तो बोटाने हळूहळू आत गुंडाळला. मग दमट हवा बाधू नये म्हणून कॅसेट चार दिवस बनियनच्या आत ठेवून ते घरभर वावरले. ती वाजलीच तर एकदाच वाजेल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एकदाच.

लग्नाच्या आधीच्या रविवारी दुपारी बेत ठरला. घाटकोपरवरून विमानं इतक्या खालून जातात की त्यांची चाकं दिसतात, म्हणून मामी गॅलरीत पहाऱ्याला उभ्या. आभाळ मोकळं झालं की त्यांनी पदर हलवायचा. मी मोबाइल हातात घेऊन म्हटलं, "मामा, मधेच फोन यायला नको, विमान मोडवर टाकतो." मामांचा चेहरा लाल झाला. "जावयबापू, डोक्यार विमाना काय कमी आसत, म्हणान आता फोनातय विमान घालतास?" समजावून सांगायला वेळ नव्हता. फोन वाजू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत बसलो. बंद पंख्याखाली तिघंही घामाने निथळत होतो. "कोणी श्वास घेतल्यान तरी भायेर काढीन," मामांनी ताकीद दिली. पदर हलला. मामी पाय न वाजवता आत आल्या. मामांनी बटण दाबलं.

खरखर झाली, आणि खरखरीतून एक जाड, संथ आवाज बाहेर आला. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत..." आवाज क्षणभर थांबला. आणि ज्यांनी आम्हाला श्वासाची बंदी केली होती ते मामा हात जोडून, डोळे मिटून, छताला धडक बसेल अशा आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार द्यायचा नाही, हे मालवणी माणसाला जमतच नाही. दुसऱ्या थांब्याला मामीही ओरडल्या. तिसऱ्याला तर मीसुद्धा, आणि मी कोकणातला नाही. आवाज पुढे जात राहिला, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाला, आता शेवटचं मागणं येणार एवढ्यात टेपरेकॉर्डर कर्रकन थांबला. पट्टी तुटून आत गोळा झाली होती.

मामा मटकन खाली बसले. "माझ्याच तोंडान वाट लावलंय," एवढंच बोलले. त्यांच्याकडे बघवेना. मी फोन घेतला आणि घाबरत घाबरतच फाईल लावली. म्हाताऱ्याचा एकही शब्द दबलेला नव्हता. "मामा, ऐका," मी म्हटलं, "त्यांनी मधे जागा सोडल्येय." मुलांनी होकार द्यावा म्हणून बापाने गप्प राहून ठेवलेल्या त्या जागांत मामांचा आवाज बरोबर बसला होता. मामांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. पंखा लावायचंही कुणाला सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा धोतर नेसून नारळापुढे उभे राहिले. नवरी मुलगी बाजूला. पाठ केलेलं सगळं त्यांनी न अडखळता म्हटलं, आम्ही होकार देत गेलो, आणि जिथे पट्टी तुटली होती तिथे ते थांबले. पुढचे शब्द त्यांच्याकडे नव्हते. थोरल्या मामींनी डोळ्यांना पदर लावला.

"बा देवा म्हाराजा," मामा हळू आवाजात म्हणाले, "म्होरला माका येना नाय. माझ्या दादाक येय होता. ह्या तेचा चेडू. तेचो बापूस आज हंय नाय, म्हणान मी उभो रवलंय. दादा जा काय मागतलो होतो, ता माझ्याकडसून मागलेला समज, आणि ह्या चेडवाक दी."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. पुतणी काकांच्या गळ्यात पडून रडली, मामाही रडले, आणि कुणीतरी नारळ फोडायला घेतला.

माझा फोन खिशात होता. घरातल्या प्रत्येकाच्याच खिशात होता. पण ते रेकॉर्ड करून ठेवावं हे एकालाही सुचलं नाही. परवा मी मामांना म्हटलं, परत एकदा म्हणता का, घेऊन ठेवू. मामांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा काय बोललंय, ता माका खंय म्हायत!"