बारा दारांची कपार

भागूबाईला लेणी हा शब्दच ठाऊक नव्हता. तिच्या लेखी ती बारा दारांची कपार होती, आणि गारपिटीत मेंढरं कोंडायला तिच्यासारखी जागा अख्ख्या घाटात दुसरी नव्हती. आता शहाण्यासुरत्या माणसांनी तिथं निळी पाटी लावली, तिकिटाची खिडकी काढली, आत कोणे एके काळी भिक्षू राहत होते असं लिहून ठेवलं. राहिले असतील की! पण पन्नास वर्षांमागं तिथला उकिरडा झाडून चूल मांडली होती ती भागूबाईनं. तिचं नाव कुठल्या पाटीवर असणार?

ती इंदापूर तालुक्यातल्या धनगराची पोर. बाराव्या वर्षी कन्हेरीच्या बिरदेव नावाच्या मेंढक्याला दिली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि कळपामागं कोकणाची वाट धरायची. उन्हाळा सरताना माघारी फिरायचं. असंच माघारी येताना एका वर्षी तिचे दिवस भरले आणि नेमक्या त्याच दुपारी गारा सुरू झाल्या. कपारीतल्या डावीकडून तिसऱ्या खोलीत दगडात कोरलेला एक ओटा होता. सासूनं त्यावर घोंगडं टाकलं आणि लोकर कातरायच्या कातरीनं नाळ कापली.

पोरगं निळंकाळं पडलेलं. रडेचना. सासूनं उलटं धरून पाठीत दोन धपाटे घातले तरी हूं का चूं नाही. तेव्हा भागूबाई पडल्यापडल्या ओरडली होती, "बिरोबा, रडू दे रं बाबा लेकराला! पुन्यांदा यीन आन् ह्या ओट्याला भंडारा लावीन!" आणि पोरगं रडलं.

ते पोरगं म्हणजे दादासाहेब.

पुढच्या सालापासून वाट बदलली. मग पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कळप विकला, बिरदेव गेला. भंडारा लावायचा राहिला तो राहिलाच. भागूबाईच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. दुखणं आलं, की तिला आधी ओटा आठवायचा.

दादासाहेब शिकला. नुसता शिकला नाही, एका कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक झाला. गड, गढ्या, लेणी यांचे व्हिडिओ करून मोबाइलवर टाकायचा आणि दर व्हिडिओच्या शेवटी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मित्रांनो, आपला वारसा विसरू नका." हजारो लोक बघायचे म्हणे. आपला जन्म कुठं झाला ते मात्र त्यानं एकालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर बारामती म्हणायचा आणि विषय बदलायचा.

एकदा जेवताना नात स्वरूपानं त्याच्या मोबाइलवरचा फोटो आजीला दाखवला. भागूबाईचा घास हातातच राहिला. बारा दारं! "अगं बया, ही तर आपली कपार!" रविवारी सगळे तिथंच निघालेत म्हटल्यावर तिनं हट्टच धरला. सून रोहिणी म्हणाली, "पायऱ्या लई आहेत, गुडघे बोलतील." भागूबाई म्हणाली, "बोलू देत. मीबी बोलंन त्यांच्यासंगं."

रविवारी पहाटे गाडी निघाली. सासवडच्या पुढं एका पडक्या गढीपाशी दादासाहेबानं गाडी थांबवली आणि अर्धा तास व्हिडिओ केला. भिंतीवरून हात फिरवताना त्यानं डोळे पुसले. भागूबाई झाडाखाली बसून बघत होती. बापाची मेंढरं हाकायची काठी यानं जळणात घातली होती, आणि कुण्या परक्याच्या भिंतीला पान्हा फुटल्यागत कुरवाळतोय! पण लेकाचं चारचौघांत नाव आहे, एवढ्यावर ती खूश असायची.

गाडीत ती नातीच्या कानाशी लागली. "सरे, तितं तुला एक जागा दावायचीय."

"दाव की गं आजी. काय आहे तिथं?"

"तुज्या बापाचा..."

"आई," आरशातून बघत दादासाहेब म्हणाला, "तिथं मेंढरांचं पुराण लावू नकोस. ओळखीचे लोक असतात."

भागूबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. स्वरूपानं तिचा हात दाबला. दोन महिन्यांची असल्यापासून तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं भागूबाईनं. त्या पोरीनं हात दाबला, की म्हातारीला सगळं भरून पावायचं.

वर पोचल्यावर दादासाहेब व्हिडिओच्या तयारीला लागला, मायलेकी फोटो काढत बसल्या. नातीला आता कुठं हाका मारायच्या? आधी भंडारा लावू, मग बोलवू, असं म्हणत भागूबाई भिंतीला धरून तिसऱ्या दारात शिरली. ओटा तसाच होता. ती त्यावर डोकं टेकून रडली, मोकळ्या गळ्यानं रडली. मग कनवटीची पुडी सोडली, बाटलीतल्या तेलात भंडारा कालवला आणि ओट्याला लावला. उरलेल्याची पाच बोटं दाराच्या बाजूला ओढली. तिथं मुंग्यांची रांग चालल्यागत काहीतरी कोरलेलं होतं. तो दोन हजार वर्षांचा लेख होता, हे तिला कुणी सांगावं?

शिट्टी वाजली. राखणदार धावत आला. "ओ म्हातारे! काय केलंस हे? लेखावर हळद? पोलीस केस होती याला!"

कुठल्याशा कॉलेजची सहल आली होती. पोरं गोळा झाली, मोबाइल वर झाले. गर्दीतून दादासाहेब आला आणि दारातच थबकला; मागं रोहिणी आणि स्वरूपा येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात सहलीबरोबरचे प्राध्यापक ओरडले, "अरे, दादासाहेब सर! मी विजयसिंह. पोरांनो, हेच ते सर, वारशाचे व्हिडिओवाले!" मग त्यांनी म्हातारीकडं पाहिलं. "सर, या तुमच्याबरोबर आहेत?"

सगळे मोबाइल दादासाहेबाकडं वळले.

"अं... हो. म्हणजे, आमच्याकडं कामाला असतात," दादासाहेब म्हणाला. "अडाणी बाई आहे हो. मी समजावतो त्यांना."

भागूबाईला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग तिची नजर ओट्यावर गेली. ज्या ओट्यावर याला जन्म दिला त्याच ओट्यापुढं! आता बोलावं, सगळ्या मोबाइलांपुढं सांगावं, की बाबांनो, हा हितं जन्मला, माझ्या पोटी. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिला लेकाच्या कपाळावरचा घाम दिसला. मेली ती आईची जात!

"तुमी कुणाच्या, आजी?" राखणदारानं खात्रीसाठी विचारलं.

"ह्यांच्याकडं कामाला हाय, सायेब. चुकलं माजं. मालकांना काय बोलू नगा." आणि ती पदरानं ओट्यावरचा भंडारा पुसायला लागली.

"घासू नका!" राखणदार पुन्हा खेकसला. "आणखी वाटोळं कराल!"

दादासाहेबानं हात जोडून माफी मागितली, शिवाय वारशाविषयी पोरांना चार शब्द सांगितले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. पण विजयसिंह सर आणि त्यांच्या बायकोनं झाडाखाली यांच्याबरोबरच डबे सोडले, त्यामुळं खोटं पुढं चालवणं आलं. सहलीतल्या दोन-तीन पोरीही स्वरूपाशी गप्पा मारत बसल्या. रोहिणीनं खाली मान घालून भागूबाईची भाकरी वेगळ्या कागदावर वाढली, अन् भागूबाई ती घेऊन चपला काढल्या होत्या तिकडं जाऊन बसली. भाकऱ्या तिनंच पहाटे तीनला उठून थापल्या होत्या. पाहुणी बाई म्हणाली, "अगदी घरच्यासारखी झालीय हो भाकरी."

भागूबाई नुसतेच भाकरीचे तुकडे मोडत होती. तिचं सगळं ध्यान स्वरूपाकडं होतं. लेकाचं एक असू दे, त्याला नाव सांभाळायचंय. सुनेला नवऱ्यापुढं बोलता येत नाही. पण पोर आपली आहे. तिला खोटं जमत नाही. आता उठेल, इकडं येईल, "आजी, तू इथं का बसलीस गं," म्हणेल आणि खेचून नेईल. तिनं तेवढ्यासाठी लुगड्याला हातसुद्धा पुसून ठेवला.

स्वरूपानं मान वळवली खरी. पण नजर आजीवर न थांबता पलीकडच्या पाण्याच्या कॅनवर गेली.

"भागूबाई," ती म्हणाली, "इकडं जरा पाणी देता का?"

उभ्या आयुष्यात पोरीनं आजीला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

भागूबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. कॅनमधून तांब्या भरला. आधी पाहुण्यांना दिलं, मग दादासाहेबाला. मग नातीपुढं वाकून तिनं पेला धरला.

"घ्या, ताई," ती म्हणाली.