सुधीरची बारा खणांची पेटी

सुधीर गेला त्या दिवशी फोन आला तेव्हा मी आमच्या अन्नपूर्णा भागातल्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. अनोळखी नंबर, बाईमाणसाचा घाबरलेला आवाज. "आप भिया की बहन बोल रही हैं क्या? जल्दी आ जाओ, वो सीढ़ी पे बैठ गए हैं, उठ नहीं रहे." कुठे म्हणून विचारलं तर परदेशीपुरा, गिरणीकामगारांची जुनी वस्ती. मी रिक्षा केली आणि सबंध रस्ता त्याच्यावर चिडत गेले. न सांगता सकाळीच निघून गेला म्हणून, चहा अर्धा टाकून गेला म्हणून, दुसऱ्या कुणाला फोन करायला लावतो, स्वतः का करत नाही म्हणून. पोचले तोवर शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की जिन्यातच सगळं संपलं होतं. मी पुन्हा त्या घरी गेले ते त्याची पिशवी आणायला. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर त्याचा कॅमेऱ्याचा स्टँड भिंतीला टेकून उभा होता, एक पाय उघडलेला, दोन मिटलेले... आज सहा आठवडे झाले. माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं असं म्हणतात. मला ते जमणार नाही.

सुधीर माझा धाकटा भाऊ. चौपन्न वर्षांचा. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी वडिलांच्या घरी राहायला आले, तेव्हापासून मी खाली आणि तो वर. एका खासगी कॉलेजात तो एकोणीस वर्षं सर्व्हररूम सांभाळत होता. सर्व्हररूम म्हणजे काचेच्या दरवाजाची थंडगार खोली, तिच्यात कॉलेजचे सगळे मोठे कॉम्प्युटर. मुलांच्या परीक्षा, फी, निकाल, सगळं तिथून चालायचं. दिवाळीच्या दिवशी फराळाचं ताट समोर असताना फोन आला तर हा उठून जायचा. मी बोलायची, "अरे, खाऊन तरी जा." तर म्हणायचा, "ताई, मशीन को क्या मालूम दिवाळी आहे ते."

आमचं घराणं संस्थानी काळात या हिंदी मुलखात आलं, तेव्हापासून दरबारातली कारकुनी. वडिलांनी मात्र परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापड गिरणीत टाइमकीपरची नोकरी धरली आणि नातेवाइकांनी त्यांना जन्मभर थोडं खाली बसवलं. गिरणी बंद पडली, वडील गेले, आणि त्यांच्या तेराव्याला चार म्हातारे कामगार घरी आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. सुधीरने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि ते वडिलांबद्दल जे बोलले ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. संपाच्या काळात टाइमबाबूंनी किती जणांची हजेरी कापली जाऊ दिली नाही, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणात ते स्वतः टांगा आणायला धावले... सुधीर ऐकत बसला. महिन्याभरात त्याने कॅमेरा घेतला आणि रविवार आला की परदेशीपुऱ्यात जाऊ लागला. सूतखात्यातले, सांच्यावरचे म्हणजे मागावरचे, रंगाईतले, बॉयलरवरचे, जे जे जिवंत होते त्यांना समोर बसवून बोलतं करायचं. आठ वर्षं हे चाललं.

व्हिडिओ जागा फार खातो, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्याच्या टेबलावर छोट्या हार्ड डिस्क बिस्किटांच्या पुड्यांसारख्या पडलेल्या असायच्या. त्यातली एक फरशीवर पडली. एवढंच झालं, टेबलावरून फरशीवर. तिच्यात चाळीस तासांचं बोलणं होतं आणि बोलणाऱ्यांपैकी तिघे तोवर गेले होते. त्याने ती दुरुस्तीला देऊन पाहिली, काही निघालं नाही. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शहरातल्या एका जुन्या मराठी संस्थेत गेला. तिचं नाव मी लिहीत नाही, तिथले लोक हा लेख वाचतील आणि ओळखतील. त्याने मागितलं काय, तर त्यांच्या वाचनालयात एक कपाट आणि एक प्लग. मशीन मी लावतो, सांभाळतो मी, फक्त जागा द्या. अध्यक्ष म्हणाले, "सुधीरराव, आपल्याकडे दरबारी घराण्यांची कागदपत्रं ठेवायला जागा नाही, आणि गिरणीवाल्यांच्या गप्पा कशाला?" हे सुधीरने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, आणि तो हसला याचाही मला राग आला.

त्यानंतर वर्षाभरात कॉलेजने त्याला घरी बसवलं. सगळं क्लाउडवर जाणार, आता खोलीही नको आणि खोलीवालाही नको. दुपारी बोलावलं, संध्याकाळच्या आत त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, घरी येईपर्यंत त्याचा ईमेलही बंद. कॉलेजचा आरोग्य विमा त्याच दिवशी गेला, ते त्याने मला सांगितलंच नाही. त्याने एकच विनंती केली होती. एक जुना सर्व्हर भंगारात जाणार होता, तो मला द्या. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मग तो रुबिनाने भंगारवाल्याकडे हुडकून काढला. रुबिना त्याच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेली मुलगी, अजून तिथेच नोकरीला आहे. "सर, आपकी वाली मशीन वहीं पड़ी है, टीन के नीचे," असं तिने फोनवर सांगितलं आणि सुधीर तासाभरात ई-रिक्षात ते लोखंडी धूड मांडीवर घेऊन दारात हजर.

पहिल्यांदा त्याने ते चालू केलं तेव्हा विमान उडाल्यासारखा आवाज झाला आणि शेजारच्या काकू गच्चीतून डोकावल्या. मी बोलली, "हे घरात राहणार नाही." तर म्हणाला, "ताई, थांब ना. अपन याचं डोकं काढून टाकू, पोट ठेवू." आणि खरंच तेच केलं. आतला विचार करणारा सगळा भाग, मदरबोर्ड आणि त्याचं सामान, उपसून बाहेर ठेवलं. राहिले ते पुढचे बारा खण, प्रत्येकात एक डिस्क सरकवायची, मागची पाटी जिच्यात त्या डिस्क घुसतात, आणि वीज देणारा डबा. मदरबोर्ड नाही म्हटल्यावर तो डबा चालू होईना, तेव्हा दोन तारा जोडून त्याने टेबललॅम्पचं बटण बसवलं. किंचाळणारे पंखे काढून मोठे, संथ पंखे लावले. हवा डिस्कांवरूनच जावी म्हणून माझ्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आत आडवा घातला. घरच्या पीसीत एक कार्ड बसवलं आणि तिथून पेटीपर्यंत अंगठ्याएवढी जाड एक केबल. झालं. घरच्या साध्या पीसीला वाटायचं की या बाराही डिस्क त्याच्या स्वतःच्या पोटात आहेत. तीन आठवडे तो वरच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता. नोकरी गेल्यानंतर तेवढेच तीन आठवडे मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

हे सगळं त्याने मला उत्साहाने समजावलं, फक्त चालू कसं करायचं ते कधी दाखवलं नाही. मी मागे लागले होते. "तू नसलास तर?" असं विचारलं होतं, म्हणजे गावाला गेलास तर, एवढ्याच अर्थाने. "दाखवीन ना ताई, क्या जल्दी है."

जल्दी होती. ते त्याला ठाऊक होतं. तेरावा झाल्यावर मी त्याचं टेबल आवरायला घेतलं तेव्हा केबलच्या गठ्ठ्याखाली डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. पावणेदोन वर्षांपूर्वीची, म्हणजे नोकरी गेल्यानंतर लगेचची. हृदयाची तपासणी लिहून दिली होती आणि खाली "ताबडतोब" या शब्दाला दोन रेघा ओढल्या होत्या. त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सुधीरच्या अक्षरात कुठली डिस्क कुठल्या खणात ते लिहिलं होतं. एक ते बारा. मी ती चिठ्ठी फाडायला निघाले. फाडली नाही, कारण मागची बाजू कामाची होती... त्याचाही राग आला.

संस्थेने शोकसभा ठेवली. त्याच हॉलमध्ये, ज्याच्या शेजारच्या वाचनालयात त्याला प्लग मिळाला नव्हता. फोटोला हार, समोर समई, आणि अध्यक्षांनी त्याला "आपले सुधीरराव" म्हटलं. मग म्हणाले की त्यांचा हा अनमोल ठेवा आता संस्थेकडे सुरक्षित राहील, हार्ड डिस्क ताब्यात घेण्याची व्यवस्था लवकरच करू. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी बसल्या जागेवरून उठले.

"कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"वाचनालयात, ताई. कपाट करून घेऊ."

"तीन वर्षांपूर्वी तो हेच कपाट मागायला आला होता. तेव्हा तुम्ही गिरणीवाल्यांच्या गप्पा म्हणाला होतात."

अध्यक्ष म्हणाले, "तसं काही मला आठवत नाही. आज हा विषय नको."

"मग कुठला विषय आहे आज?" मी म्हणाले. "ती पेटी कुठेही जाणार नाही."

मागून एक जण मला बसा म्हणून खूण करत होता. मी चप्पल घालून घरी आले. नंतर दोन नातेवाइकांचे फोन आले, शोभलं नाही म्हणून. नसेल शोभलं.

पण घरी येऊन पेटीपुढे बसले तेव्हा कळलं की मी जे ठणकावून सांगून आले ते मलाच चालू करता येत नाही. पीसी लावला, पेटीचं बटण दाबलं, पडद्यावर काहीच दिसेना. बाराच्या बारा डिस्क बेपत्ता. वाटलं, गेलं सगळं, आणि आता अध्यक्षच बरोबर ठरणार. रविवारी रुबिना आली. तिने माझं ऐकून घेतलं, दोन्ही बंद केलं आणि म्हणाली, "आंटी, पहले पेटी, बाद में पीसी. डिस्क घूमने दो, फिर ये उनको पहचानेगा." पेटी चालू केली. एकेक डिस्क घरघरत जागी झाली, एकेक हिरवा दिवा लागला. सातव्या खणात लाल लागला. रुबिनाने चिठ्ठीची मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "सर ने हर चीज़ दो जगह रखी है. सात का सब आठ में है." सातवी काढून तिने कपाटातली कोरी डिस्क सरकवली आणि आठवरचं तिच्यावर उतरवायला लावलं. मग डोळे पुसायला गॅलरीत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. मला तेव्हा कुणाचं रडणं नको होतं.

त्यानंतर मी रोज दुपारी वर जाऊन एकेक बघू लागले. सुधीर कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. कॅमेऱ्याच्या मागून त्याचा नुसता आवाज येतो. "हां काका, बोलो." "फिर क्या हुआ?" सुरुवातीच्या वर्षांत तो आवाज खणखणीत आहे. मग हळूहळू एक गोष्ट ऐकू यायला लागते. प्रश्न तुटतो. "फिर आप..." आणि मध्ये श्वास. जिना चढून आल्यावर स्टँड लावताना श्वास. मी त्याच घरात राहत होते, त्याच्या पोळ्या करत होते, आणि मला हे ऐकू आलं नव्हतं. मशीनला आलं होतं. शेवटचा व्हिडिओ परदेशीपुऱ्यातल्या त्याच घरातला आहे, तो गेला त्याच्या आठवडाभर आधीचा. समोर शंकरलालजी, पंच्याऐंशीचे, सांच्यावर काम केलेले. बोलता बोलता ते थांबतात आणि कॅमेऱ्याच्या वर बघतात, म्हणजे सुधीरकडे.

"भिया, आप बैठ जाओ. साँस फूल रही है आपकी. डॉक्टर को दिखाया?"

"दिखा दिया काका," सुधीर म्हणतो. "सब ठीक है."

अगदी त्याच सुरात, ज्या सुरात मला सांगायचा. हे मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. डॉक्टरला दाखवलं होतं हे खरं. पुढचं खोटं. म्हातारा माणूस त्याच्याकडे अजून क्षणभर बघत राहतो, त्याला पटलेलं नाही, आणि मग बिचारा पुन्हा सांच्याचं सांगू लागतो. सुधीर हे कापून टाकू शकला असता. नाही कापलं. जे आहे ते ठेवायचं, अशी त्याची शिस्त. स्वतःचं खोटंसुद्धा दोन डिस्कवर जपून ठेवलं.

आता दर रविवारी दुपारी आम्ही वरची खोली उघडतो. ज्यांची माणसं त्या पेटीत आहेत त्यांना रुबिना फोन करते, ते येतात, सतरंजीवर बसतात. मागच्या रविवारी रंगाई खात्यातल्या एका कामगाराची बायको आली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, सुनेने हाताला धरून वर आणलं. नवरा जाऊन चार वर्षं झाली आहेत. त्याचा आवाज सुरू झाला तशी ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली, मध्येच हसली, मध्येच "झूठ बोल रहे हैं, मैं थी वहाँ" असं सुनेला म्हणाली. मग कॅमेऱ्यामागून सुधीरने काहीतरी विचारलं. तिने मान वळवून आवाजाची दिशा शोधली.

"ये कौन पूछ रहा है?"

"मेरा भाई," मी म्हणाले.

"अच्छा बोलता है," ती म्हणाली. "पीछे क्यों खड़ा है? उसको बोलो, सामने आके बैठे."

सहा आठवडे मी कॉलेजवर चिडले, अध्यक्षांवर चिडले, सुधीरवर तर रोज. तो गेला हे मी त्या बाईला सांगितलं नाही. सून माझ्याकडे बघत होती. मी उठून आवाज थोडा वाढवला आणि पुढे सरकून तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.