हिरव्या फरशीचा अर्ज

पोहण्याच्या तलावावर सत्तावीस वर्षं साफसफाई करणाऱ्या बाईला पोहता येत नाही, हे ऐकून लोक हसायचे. मावशी शांतपणे विचारायची, "विमानतळ झाडणारे रोज उडतात का हो?" मग हसणारा दुसरीकडे बघायला लागायचा.

तिला सगळे मावशीच म्हणत. व्यवस्थापक साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, ते मावशी म्हणायचे ते ठीक. पण साठी उलटलेल्या सभासद बायकाही मावशीच म्हणायच्या. साडेपाचला ती मागच्या लोखंडी दाराने आत यायची. पुढचं काचेचं दार सभासदांचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीतरी हाताने मागचं दार दाखवलं होतं, तेच दार सत्तावीस वर्षं चाललं. आधी बायकांची कपडे बदलायची खोली. बाकं पुसायची, शॉवरखालच्या जाळ्यांत अडकलेले केस बोटांनी ओढून काढायचे, आरसे लख्ख करायचे. पहिली बॅच पाण्याबाहेर आली की दिवसभर एकच काम, ओली पावलं पुसायची. पोहून आलेला माणूस खाली बघत नाही. तो पुढे जातो, मागे पावलं उमटत जातात, आणि त्या पावलांच्या मागून वायपर घेऊन मावशी.

वर्षातून एकदा तलाव रिकामा करत. तीन दिवस पंप घरघरायचा. चौथ्या दिवशी मावशी आणि आणखी तिघं गमबूट चढवून शिडीने खाली उतरायची आणि तळ घासून काढायची. खोल बाजूला, जिथे पाणी दहा फूट असतं तिथे, कोपऱ्यापासून चौथ्या रांगेत एक हिरवी फरशी होती. बाकी सगळ्या निळ्या. केव्हातरी एक निळी फुटली, गोदामात निळी सापडेना, गवंड्याने हाताला लागली ती चिकटवली आणि मोकळा झाला. मावशीने ती फरशी सत्तावीस वेळा घासली होती. तलाव भरला की काठावरून ती नुसता हिरवा डाग होऊन हलत राहायची. तळाची खडा न् खडा माहिती असलेली ती एकटीच, आणि पाण्यात ती कधी घोट्याच्या वर उतरली नव्हती. पंपाच्या खोलीबाहेर पाटी होती: कर्मचाऱ्यांनी पाण्यात उतरू नये.

सकाळी सातच्या बॅचला बहुतेक निवृत्त बायका यायच्या. त्यांच्यात पुढारपण एका निवृत्त शिक्षिकेकडे. सगळ्या तिला बाई म्हणायच्या, आणि पोहायच्या कपड्यांतसुद्धा ती बोट वर करून बोलायची. एके दिवशी बाईंनी खोलीत कोरे कागद वाटले.

"मरायच्या आधी काय काय करायचंय, ते लिहायचं. लाजायचं नाही. सोमवारी वाचून दाखवायचं."

सोमवारी नुसता गोंधळ. एकीला ज्वालामुखी जवळून बघायचा होता. एकीला फुग्यात बसून आकाशात जायचं होतं. एकीने लिहिलं होतं, घरात न सांगता एक दिवस गायब व्हायचं.

"अगं, तू नाहीस हे त्यांना कळायला नको का?" दुसरी म्हणाली.

"जेवायच्या वेळी कळेल."

चौथीला धाकट्या जावेला तोंडावर चार शब्द सुनवायचे होते.

"हे काय साहस झालं?"

"माझ्या जावेला एकदा भेट, मग विचार."

मावशी बाकाखालचं पाणी ओढत होती. बाईंचं बोट तिच्याकडे वळलं. "मावशी, तुमचा कागद कुठाय?"

"माझं काय बाई? बावीस दिवसांनी रिटायर होतेय. मग झोपणार."

"झोप आपोआप लागते. ती यादीत धरत नाहीत. हा घ्या कागद."

घरी जेवणं झाल्यावर मावशीने कागद काढला. सून समोर मशीनवर बसून शिवत होती. मावशीने आधी ज्वालामुखी लिहिला.

"आई, तुम्हाला ज्वालामुखीशी काय करायचंय?" सुनेने मान वर न करता विचारलं.

"खरंच की. तिथेही राख झाडायला लावतील." तिने तो खोडला.

मग बराच वेळ काहीच सुचेना. आणि एकदा सुचायला लागलं तेव्हा भराभर सुचलं. बहिणीकडे न कळवता जायचं आणि आठ दिवस राहायचं. दुसऱ्याने वाढलेलं ताट मधे एकदाही न उठता संपवायचं. थिएटरात घड्याळ न बघता अख्खा सिनेमा बघायचा. एकटीचा फोटो काढून घ्यायचा, कारण घरातल्या प्रत्येक फोटोत ती कडेला होती, आणि तीही अर्धी. केस खांद्यापर्यंत कापायचे. तलावाच्या काचेच्या दाराने आत जायचं. सातवी गोष्ट लिहायला तिने पेन थोडं दाबून धरलं: नोकरीत असताना, भरलेल्या तलावात दहा फुटांवर जाऊन हिरव्या फरशीला हात लावायचा.

सुनेने वाचलं. "हे शेवटचं ठळक का?"

"बाकीचं माझ्या हातात आहे. याला परवानगी लागते."

इथे मावशीने जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. पूर्वी साफसफाईची माणसं अनवाणी तळ घासायची, पाय सोलवटायचे. गमबूट द्या, गमबूट द्या, असं दोन वर्षं तोंडी सांगून झालं. साहेब बदलले, बूट आले नाहीत. मग कामगार संघटनेतल्या एका बाईने तिला कागदावर लिहायला लावलं, आवकचा शिक्का मारून घ्यायला लावलं. महिन्यात बूट हजर. तेव्हापासून बिनशिक्क्याचा कागद तिच्या लेखी रद्दी. म्हणून आताही तिने नवा कागद घेतला, वर "प्रति, व्यवस्थापक" लिहिलं, खाली "विषय: मरायच्या आधी करायच्या गोष्टींबाबत" लिहिलं, आणि सातच्या सात कलमं जशीच्या तशी उतरवली.

आवक-जावकचा कारकून खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवून बसायचा. त्याने तो खाली ओढला आणि अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, हा कसला विषय?"

"वाचता येतोय ना? मग मारा शिक्का."

"अहो, बहिणीकडे जायला ऑफिस काय करणार? केस कापायला ऑफिस काय करणार?"

"काही करू नका. करायचं ते सातव्यात करा."

"साहेब मला खातील."

"तुम्ही फक्त आवक करता. आलेला कागद घेणं तुमचं काम. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या, त्याचीही पोच घेईन."

कारकुनाने शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे बारा.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या टेबलावर काही उगवू नये, एवढीच त्याची इच्छा.

"मावशी, तोंडी विचारायचं होतंत. कागद कशाला?"

"तोंडी काही मागितलं की तुम्ही हसता. आजवर पाच वेळा हसलात."

साहेबांनी पेपरवेट इकडून तिकडे केला. "आम्ही निरोपाला तुम्हाला छान भिंतीवरचं घड्याळ देणार आहोत."

"घड्याळ बघण्यातच सत्तावीस वर्षं गेली साहेब."

"बरं, मग असं करा. निवृत्त झालात की सभासद व्हा. रोज पोहा. कोण अडवतंय?"

"तेव्हा मी बाहेरची. बाहेरच्यांना तुम्ही उतरू देताच. मला इथली म्हणून उतरायचंय."

"पण काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर आत्ताच उतरू द्या."

अर्ज फेटाळायचा तर नियम दाखवावा लागतो. त्यांनी पाटीच्या मागचा आदेश शोधायला सांगितलं. कारकुनाने तीन दिवस कपाटं उपसली, शिंकून शिंकून बेजार झाला. परिपत्रक नाही, ठराव नाही, कोणाची सही नाही. कोणीतरी एकदा म्हणालं असेल, कोणीतरी रंगवली असेल, आणि मग ती सगळ्यांनी पाळली. मावशीला उत्तर मिळालं: "अर्ज विचाराधीन आहे." आठ दिवस तिने वाट पाहिली, मग स्मरणपत्र दिलं. तेही शिक्का मारून.

मधल्या काळात तिची शिकवणी चालू झाली होती. तलावावरच्या जीवरक्षकाला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण ती त्याच्या तोंडातून फक्त जेवताना निघायची. परवानगी नव्हती म्हणून त्याने मावशीला कोरड्यावर शिकवलं. दुपारी तलाव बंद असताना ती बाकावर पालथी पडायची आणि पाय मारायची.

"पाण्याबाहेर पोहायला शिकलेली पहिली बाई तुम्ही," शिट्टी म्हणायचा.

"गुडघे वाकतायत का ते बघ. जीभ नंतर चालव."

घरी बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचा आणि सुनेने आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा झाले. आठवड्याने चौतीस.

"आई, पुरे. वर या. मला बघवत नाही."

मावशी तोंड पुसून म्हणाली, "मला काय मजा वाटतेय का? दहा फुटांचं नाव काढलं की रात्रभर झोप लागत नाही. इतकी माणसं घाबरलेली पाहिलीयत मी तिथे. काठ सुटला की चेहराच बदलतो."

"मग सोडून द्या ना."

"आता शिक्का बसलाय," मावशी म्हणाली.

निवृत्तीला दोन दिवस राहिले तेव्हा पत्र आलं. कारकुनाने ते खिडकीतून न देता बाहेर येऊन हातात दिलं. कलम एक ते पाच या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाहीत. कलम सहाबाबत, म्हणजे काचेच्या दाराबाबत, कोणतीही मनाई नोंदलेली आढळत नाही. कलम सात: डॉक्टरांचा दाखला जोडल्यास, जीवरक्षकाच्या उपस्थितीत, सेवेच्या शेवटच्या दिवशी दुपारी साडेबारा ते एक या वेळेत परवानगी देण्यात येत आहे.

मावशीने सहावं कलम पुन्हा वाचलं. मनाई नोंदलेली आढळत नाही. सत्तावीस वर्षं. त्या दिवशी मागचं लोखंडी दार तिने जरा जोरातच आपटलं.

शेवटच्या दिवशी ती काचेच्या दाराने आत आली. पायपुसण्याला पाय पुसले, कारण ते किती मळतं हे तिला माहीत होतं. दुपारपर्यंत रोजच्यासारखी पावलं पुसली. साडेबाराला बाईंनी दिलेला पोहायचा पोशाख घालून खोल बाजूच्या शिडीशी उभी राहिली. साहेब फाईल घेऊन आले होते. कारकून साक्षीदार म्हणून. शिट्टी पाण्यात.

ती शिडी धरून उतरली. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले. शिट्टी हळूच म्हणाला, "मी आहे." तिने श्वास भरला आणि खाली गेली, आणि लगेच वर आली. पुन्हा गेली, पुन्हा वर. जन्मभर बुडायची भीती बाळगली, आणि पाणी तिला आत घेईना. तिसऱ्यांदा तर ती उताणीच वर आली आणि नाकात पाणी गेलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मावशी, उतरलात की. झालं आता. समाधान माना."

"अर्जात हात लावायचा असं लिहिलंय," ती खोकत म्हणाली. "तुम्ही मंजूर तेच केलंय."

बारा मिनिटं उरली होती. ती शिडीला लोंबकळत इकडे तिकडे बघत राहिली, आणि मग भिंतीकडे बोट करून ओरडली, "ओ आवक-जावक! तो लांब दांड्याचा ब्रश आणा."

तलावाच्या भिंती घासायचा तो ब्रश. सोळा फुटी दांडा, मधोमध तिच्या हातांनी गुळगुळीत झालेला. कारकुनाने बाह्या सरसावल्या आणि ब्रश पाण्यात सोडला.

"कोपऱ्यापासून चौथी रांग. दाबून धरा. सरकला तर तुमची गाठ माझ्याशी आहे."

मावशीने दांडा पकडला, श्वास घेतला आणि हातावर हात टाकत खाली निघाली. पाणी वर ढकलत होतं, पण दांडा तिच्या ओळखीचा होता. कानांत कळ आली. सगळा आवाज बंद झाला. डाग मोठा झाला, चौकोनी झाला, हिरवा झाला. तिने एक हात सोडला आणि फरशीवर पंजा टेकवला. कडेला बोट फिरवलं. मग दांडा सोडला, आणि पाण्याने तिला वर आणून ठेवलं.

"लागला का हात?" शिट्टीने विचारलं.

तिने आधी शिडी पकडली. "लागला. डाव्या कडेचं सिमेंट निघालंय. रिकामा कराल तेव्हा भरून घ्या."

साहेबांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. मावशी बाहेर आली आणि निथळत खोलीकडे चालायला लागली. मागे तिची ओली पावलं उमटत गेली, ती पुसायला कारकुनाने सवय नसलेल्या हातांनी वायपर उचलला.

"राहू द्या," ती मागे न बघता म्हणाली. "वाळतील."

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा मावशी बहिणीकडे होती. न कळवता आली होती, केस खांद्यापर्यंत कापून, आणि तो तिचा तिसरा दिवस होता. समोर वाढलेलं ताट होतं. ती दोनदा उठायला गेली होती आणि बहिणीने दोनदा दटावून बसवलं होतं, त्यामुळे दुसरं कलम पुन्हा पहिल्या घासापासून चालू करावं लागलं होतं.

"मावशी, ऐका," बाई म्हणाल्या. "पंपवाल्याने अर्ज दिलाय पाण्यात उतरायचा. तुमच्या जागी आलेल्या मुलीने दिलाय. दारावरच्या पहारेकऱ्यानेही. आणि खिडकीतल्या त्या कारकुनाने स्वतःचा अर्ज लिहिलाय, आता स्वतःच शिक्का मारू की नको म्हणून बसलाय. सगळ्यांनी तुमच्या अर्जाचा संदर्भ दिलाय."

"क्रमांक बरोबर लिहिलाय का?" मावशीने विचारलं. "चारशे बारा. एक आकडा चुकला तर तेवढ्यावर अडवतील. आणि त्याला म्हणावं, मार शिक्का. कागद आलाय ना, मग मार."

तिने फोन ठेवला, बसल्या जागी हात लांब करून, आणि पुढचा घास घेतला.